सिस्टरची विलायती चूल

माझ्या घरमालकांनी मला खोली दिली ती माझं नाव, गाव, पगार यातलं काहीही न विचारता. मी वडिलांबरोबर त्यांच्या दारात उभी होते. वडिलांनी भोकरहून निघताना एका ओळखीच्या माणसाची चिठ्ठी आणली होती, ती त्यांनी पुढे केली. घरमालकांनी ती न वाचताच खिशात घातली आणि मला म्हणाले, "जेवायचं ताट दाखवा."

मी गोंधळून ट्रंक उघडली. आईनं दिलेलं पांढरं, निळ्या काठाचं तामचिनीचं ताट वरच होतं. लोखंडावर काचेचा मुलामा चढवलेली भांडी असतात ना, त्यांना आमच्याकडे तामचिनी म्हणतात. त्यांनी ताट कानाशी धरलं, नखानं टिचकी मारली आणि डोळे मिटून आवाज संपेपर्यंत ऐकलं. मग उलटं करून तळाशी उडालेला एक टवका पाहिला.

"ह्ये कवा पडलं?"

"लहान होते तेव्हा. विहिरीवर."

"त्याच्यानंतर नीट वापरलाव," ते म्हणाले. "राहा तुमी."

बसस्टँडवर जाईपर्यंत वडील सांगत होते की माणूस काही सरळ दिसत नाही, दुसरी खोली बघू. पण दुसरी खोली मिळणार नव्हती. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. रोज कुठल्या ना कुठल्या खात्याची माणसं बिऱ्हाडं घेऊन उतरत होती आणि गावात गोठेसुद्धा झाडून भाड्यानं दिले जात होते. मी नव्या जिल्हा कचेरीत लिपिक म्हणून आले होते. आमच्या शाखेत बाई मी एकटीच.

घरमालकांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. त्यांचा धंदा तामचिनीच्या पाट्या करण्याचा. शाळा, दवाखाना, वकील, डॉक्टर, धर्मशाळा, विजेचे खांब, सगळ्यांच्या पाट्या. अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये विटांची भट्टी होती. भट्टी उघडायच्या आधी ते गळ्यातलं चांदीच्या डबीतलं लिंग सदऱ्याच्या आत सारून घ्यायचे, कपाळावरचा हिरव्या काचांचा चष्मा डोळ्यांवर ओढायचे आणि लांब चिमट्यानं पाटी आत सरकवायचे. हा चष्मा एरवी सदासर्वदा कपाळावर असे. लग्नालाही ते तसेच जात. एकदा एका लग्नात नवरदेवाच्या मामानं विचारलं, तर म्हणाले, "काय सांगता येतंय, कुणी भट्टी दाखवायला न्हेलं तर?"

भट्टीची आच ते रंगावरून सांगत, आणि रंग खाण्याच्या जिनसांवरून. जांभूळ म्हणजे अजून कोळसा घाला. गाजर म्हणजे थोडं थांबा. संत्रं झालं की पाटी आत. त्यामुळे कुणी पाटी कधी मिळेल म्हणून विचारायला आलं आणि अप्पा शेडमधून "गाजर हाय अजून" म्हणून ओरडले की गिऱ्हाईक अंगणात बुचकळ्यात पडून उभं राही. मग त्यांची बायको, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, आतून येऊन सांगे, "सांच्याला या."

बिघडलेल्या पाट्या ते फेकत नसत. आमच्या न्हाणीच्या चारी भिंती त्या पाट्यांच्या होत्या. मी दोन वर्षं रोज सकाळी 'सरकारी दवाखा', 'येथे थुंकू न' आणि 'ॲड' एवढंच नाव असलेल्या एका वकिलाच्या देखत आंघोळ केली. भेटायला आलेल्या माझ्या मैत्रिणीला एका पाटीवरची हाडं आणि कवटी पाहून आत जायचा धीर होईना.

त्यांचे कायदे कडक होते. अशुद्ध मजकुराची पाटी ते करत नसत. गिऱ्हाइकाला उभं करून ऱ्हस्व-दीर्घ समजावत. "कागदावर चुकलं तर खोडता येतंय. माझ्या पाटीवरची चूक पन्नास वर्सं उन्हात उभी ऱ्हाती." एकदा नगरपालिकेचा माणूस 'येथे लघवी करू नये' अशा वीस पाट्या सांगायला आला. अप्पांनी त्याला रंगाऱ्याकडे पाठवलं. "पन्नास वर्सं लोक तिथंच मुतनार हाईत असं धरून चाललाव का तुमी?" म्हणाले.

रंगाऱ्यांचा त्यांना राग नव्हता, कीव होती. "रंग म्हंजी अंगातला सदरा," ते म्हणत. "तामचिनी म्हंजी कातडं."

मला ते क्लार्कबाई म्हणायचे. मला त्यांचं काम आवडे. रविवारी मी शेडच्या दारात पाटावर बसून बघायची. त्यामुळे कचेरीच्या पाट्यांचा विषय निघाला तेव्हा मी न राहवून साहेबांना म्हटलं, "साहेब, इथंच गावात तामचिनीचं काम होतं. मी ज्यांच्याकडे राहते तेच करतात. आठवड्यात देतील."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात रविवारी कचेरीच्या नव्या इमारतीत मंत्री यायचे होते. "पुढच्या शनिवारपर्यंत मिळतील? मोठी पाटी आणि आतल्या खात्यांच्या दहा?"

"मिळतील," मी म्हटलं. मला नोकरीला लागून चार महिनेही झाले नव्हते.

संध्याकाळी अप्पांना सांगितलं. ते हातातल्या चिमट्याची मूठ चोळत राहिले. मग म्हणाले, "जिल्ह्याची पाटी." एवढंच. रात्री त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात मजकूर लिहून काढला, 'लातूर'मधल्या 'तू'चा ऊकार तीनदा बदलला आणि आक्कांना दाखवायला आत नेला. आक्कांना वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "छान दिसायलंय."

हे शुक्रवारी झालं. सोमवारी मी कचेरीतून घरी आले तर अंगणात हातगाडी उभी होती आणि गाडीवर एक भलं थोरलं लोखंडी धूड होतं. चार चुलाणं, खाली पाव भाजायची भट्टी, बाजूला पाणी तापवायचा हौद, वर धुराड्याचं नळकांडं. एके काळी पांढरं असणार, कारण कडांना थोडी पांढरी तामचिनी शिल्लक होती. पुढचा सगळा भाग मात्र उडालेला, गंजलेला, कुष्ठ झाल्यासारखा.

"ही कुणाची?"

"सिस्टरची विलायती चूल," अप्पा म्हणाले. "शनवारी भंगारवाला न्हेनार होता. मी आनली."

सिस्टर म्हणजे मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. सगळ्या गावाची बाळंतपणं त्यांनी केलेली. ती चूल त्यांनी कधीकाळी निजामाच्या एका हैद्राबादी अधिकाऱ्याच्या सामानाच्या हर्राजात, लिलावात, घेतली होती. त्या राहायच्या ती बैठी घरं नव्या कचेऱ्यांसाठी पाडायची ठरलं होतं, म्हणून त्या शनिवारी नांदेडला भाचीकडे राहायला निघाल्या होत्या. भाचीनं कळवलं होतं की सगळं आणा, ती गंजकी चूल तेवढी आणू नका.

"आणि पाट्या?" मी विचारलं.

"बुधवारपत्तोर चूल हुईल. बिस्तरवार, शुक्रवार पाट्या. लई टाइम हाय."

दोन दिवस ते बोल्टांवर रॉकेल ओतत होते. चुलीची दारं, बाजूचे पत्रे, पुढची पट्टी सगळं सुटं केलं. जुनी तामचिनी वाळूनं आणि विटेनं घासून काढली, तेजाबात बुडवली, सोड्यानं धुतली. मग काचेची पूड, टाकणखार आणि पांढरी माती पाण्यात वाटून केलेला दाट लेप वर ओतला, वाळवला. बुधवारी पहिलं दार भट्टीत गेलं. मी कचेरीला अर्धा तास उशीर करून थांबले होते.

दार बाहेर आलं ते गाजरासारखं लाल. थंड होत गेलं तसं पांढरं झालं, आणि पांढरं होता होता त्याच्यावर फोड आले. सबंध दारावर, देवी आल्यासारखे. अप्पा ते बघत उभे राहिले. त्यांच्या तोंडावर असा भाव मी आधी कधी पाहिला नव्हता.

"बीड हाय ह्ये, वतीव लोखंड," ते हळू म्हणाले. "पाटीचा पत्रा न्हाई. बीड तूप पितंय. तीस वर्सं पिलेलं तूप आता भट्टीत ओकायलंय."

"मग?"

"आधी मोकळंच भाजायचं. सगळं तूप, तेल जळून जाईपत्तोर. मग परत घासायचं. मग लेप."

"म्हणजे किती दिवस?"

 मी मनात हिशोब केला. गुरुवार, शुक्रवार. भट्टी एकच होती, आणि चुलीचं एक दार आत ठेवलं की दुसऱ्या कशालाही जागा उरत नव्हती.

मी चिडले. आजवर वडीलधाऱ्या माणसाशी मी तशी बोलले नव्हते. म्हटलं, "अप्पा, मी साहेबांना शब्द दिलाय. तुमच्या भरवशावर दिलाय. मोठी पाटी तरी आधी भाजा. एका म्हातारीच्या चुलीपायी माझी नोकरी जाईल."

"पाटी दुसऱ्याला बी करता येती, क्लार्कबाई."

"आणि चूल?"

"चूल माझ्याच हातनं फुटलेली हाय," असं म्हणून ते शेडमध्ये गेले.

मी तणतणत कचेरीत गेले. संध्याकाळी आले तेव्हा आक्का अंगणात बसून फोड आलेलं दार विटेनं घासत होत्या. मला त्यांनी बाजूला बसवलं आणि घासता घासताच सांगितलं.

"बहात्तरचा दुस्काळ तुमाला कळत असंल की. तवा पाटी कोन करून घेतंय? भट्टी विझली. आमी दोघं निलंग्याच्या रस्त्याला खडी फोडायला गेलो. ह्यांच्या हाताला दोन दिवसात फोड आले. सिस्टर तिथं यायची, लेकरांसाठी पेज शिजवायला. बायका खडी फोडायच्या, लेकरं उन्हात पडलेली असायची. तिनं ही चूल बैलगाडीत घालून रस्त्याकडंला आनली हुती. ह्यांचे हात बगितले आन् म्हनली, अप्पा, तुमी खडी सोडा, माझी चूल जाळा."

"जाळा?"

"म्हंजी पेटवायची, लाकडं घालायची. ह्यांनी दोन म्हैने ती चूल जाळली. एक दिस एक लेकरू रांगत चुलीच्या तोंडापाशी आलं. झबल्याला जाळ लागला. ह्यांनी पान्याची बादली उचलली आन् फेकली. लेकरू इझलं. पन अर्धं पानी चुलीवर गेलं. चूल लाल झाल्ती. अशी कडकड वाजली बगा, पांढरे टवके उडून रस्त्यावर पडले."

आक्कांनी विटेवर पाणी शिंपडलं.

"सगळ्या गावात तामचिनीला गार पानी लावू नये ह्ये सांगनारा मानूस. सिस्टर लेकरू घिऊन बसली हुती. ह्ये खाली बसून टवके गोळा करायले. म्हनले, सिस्टर, मी भरून देतो. ती म्हनली, बरं. ती काय इचारायला आली न्हाई कदी."

"मग दहा वर्षं का नाही केली?"

आक्कांनी शेडकडे पाहिलं. आतून घासण्याचा आवाज येत होता. त्यांनी आवाज कमी केला नाही. "बीडाचं काम ह्यांनी जन्मात केलेलं न्हवतं. भेत हुते. दर साली म्हनायचे, पुढल्या साली. आता पुढलं साल कुठलं?"

शेडमधला आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

 दुसऱ्या दिवशी मी कचेरीत जाऊन साहेबांना सांगितलं की पाट्या शनिवारपर्यंत होणार नाहीत, दुसरी व्यवस्था करावी. का होणार नाहीत, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी भट्टीत अडचण आली म्हटलं. चूल हा शब्द माझ्या तोंडून निघेना. साहेब शांतपणे म्हणाले, "हे तुम्ही मला लेखी द्या." शुक्रवारी मी रजा टाकली. साहेबांच्या रागात त्यानं भर पडणार हे कळत होतं. पण आक्कांचे हात सुजले होते आणि दोन पत्रे घासायचे राहिले होते.

शुक्रवारी दिवसभर आम्ही तिघं त्या शेडमध्ये होतो. मी घासत होते, आक्का धुवत होत्या. मोकळं भाजताना लोखंडातून असा धूर निघाला की शेजारीपाजारी डोकावून गेले. त्या धुराला जुन्या लोण्याचा, जळक्या दुधाचा वास होता. दुपारी लेप दिलेलं पहिलं दार आत गेलं. अप्पा एरवी काम करताना बडबड करत. त्या दिवशी फक्त आतल्या दाराचा रंग सांगत होते. "जांभूळ." बऱ्याच वेळानं, "गाजर." मग चिमटा आत घातला आणि दार बाहेर ओढलं.

दार विटांवर ठेवलं. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. लाल, मग मळकट पिवळं, मग कडेकडेनं पांढरं येत गेलं, दूध सायीखाली निवत जातं तसं. फोड आला नाही. एका कोपऱ्याला रंग जरा पिवळट राहिला, बस. आक्का म्हणाल्या, "झालं की." अप्पा खाली बसले. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि चष्मा हातातच धरून ठेवला. कपाळावर किंवा डोळ्यांवर चष्मा नसलेले अप्पा मी प्रथमच पाहिले. चष्म्याखालची कातडी लहान मुलासारखी गोरी होती.

रात्रभर भट्टी पेटती ठेवून बाकीची दारं-पत्रे भाजले, पहाटे बोल्ट आवळले आणि शनिवारी सकाळी हातगाडीवरून चूल सिस्टरच्या दारात गेली. ट्रक सामान भरून तयार होता. सिस्टर बारीक, ताठ, पांढऱ्या साडीतल्या. त्यांनी चुलीभोवती एक फेरी मारली, दारं उघडून मिटून पाहिली, कोपऱ्याशी थांबल्या.

"इथं जरा पिवळं आलं, अप्पा."

"हाव. त्या अंगाला भट्टी जास्त तापती."

"चालतंय," सिस्टर म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पेटवून बघू."

अप्पांचा चेहरा उतरला. "आत्ता कशाला, सिस्टर. नांदेडला जाऊन पेटवा."

"चालती का बघितल्याशिवाय भाचीच्या घरात कशी नेऊ?"

त्यांनी स्वतः लाकडं घातली. जाळ धरला तसे अप्पा दोन पावलं मागे सरले आणि मान तिरकी करून उभे राहिले, तडा गेल्याचा आवाज येतो का ऐकत. लाकडं फुटल्याचे आवाज येत होते आणि प्रत्येक आवाजाला त्यांच्या खांद्याला झटका बसत होता. चहा उकळला. तडा गेला नाही. सिस्टरनी पहिला कप अप्पांना दिला.

मग खरी पंचाईत झाली. चूल निवल्याशिवाय अप्पा ती ट्रकमध्ये चढवू देईनात, आणि पाण्याचं भांडं घेऊन कुणालाही जवळ येऊ देईनात. ट्रकवाला तीन तास शिव्या घालत फिरत होता. त्याला तोंड धुवायचं होतं, तर अप्पांनी त्याला रस्त्याच्या पलीकडे जाऊन धुवायला लावलं. चूल हाताला गार लागली तेव्हा त्यांनीच दोरखंड आवळले आणि मध्ये मध्ये पोती कोंबली. ट्रक निघाला तेव्हा सिस्टर पुढे क्लीनरच्या शेजारी बसल्या होत्या. त्या अप्पांना म्हणाल्या, "ते लेकरू आता शाळेत जातंय. किल्लारीला. मागच्या साली त्याच्या आईनं दाखवायला आणलं होतं." अप्पांनी मान हलवली. ट्रक वळेपर्यंत ते तिथंच उभे होते.

कचेरीची पाटी एका रंगाऱ्यानं एका दिवसात करून दिली. रविवारचा समारंभ पार पडला. सोमवारी माझ्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस होती. मी उत्तर लिहायला बसले होते, तेवढ्यात शिपाई धावत आला. अप्पा कपाळावर चष्मा लावून थेट साहेबांच्या खोलीत शिरले होते.

मी दारात पोचले तेव्हा चुलीची हकिकत सांगून झाली होती आणि ते म्हणत होते, "बाईंनी शब्द दिला तो माझ्या जिवावर. मोडला मी. कागद लिहायचा तर माझ्या नावानं लिवा."

"तुम्ही सरकारी नोकर नाहीत," साहेब म्हणाले. "तुम्हाला काय नोटीस देणार? एका चुलीपुढं तुम्हाला जिल्ह्याचं काम लहान वाटलं का?"

"लहान न्हाई, साहेब. चूल आधीची हुती."

 साहेबांनी मला तोंडी समज दिली आणि माझं उत्तर फायलीला लावलं. पण कचेरीनं अप्पांना परत कधी काम दिलं नाही. बाकीच्या कचेऱ्यांनीही त्याच रंगाऱ्याला धरलं. जिल्हा झाला, गाव वाढलं, जिकडे तिकडे पाट्या लागल्या, आणि अप्पांकडे डॉक्टर-वकिलांची आणि देवळांची तेवढी कामं राहिली.

पुढे माझी बदली नांदेडला झाली. तिथं मी सिस्टरना भेटायला जायची. चूल भाचीच्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून उभी होती. भाची तिच्यात नानकटाई भाजून विकत असे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं ती दाखवत असे. सिस्टर वारल्या तरी चूल चालूच होती.

लातूर सोडलं त्या दिवशीचं मात्र सांगायला हवं. अप्पा माझी ट्रंक खांद्यावर घेऊन बसस्टँडवर सोडायला निघाले. नको म्हटलं तरी ऐकेनात. वाटेत कचेरी लागली, तसे ते रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला गेले आणि मान फिरवून चालू लागले.

"अप्पा, असं काय चालताय?"

त्यांनी ट्रंक खाली ठेवली. "दोन वर्सं झाली. त्या पाटीकडं मी बगितलेलं न्हाई."

"वाईट वाटतं?"

"लई वाटतंय," ते म्हणाले. "जिल्ह्याचं पयलं नाव माझ्या हातचं असायला पायजे होतं. आक्काला ह्ये सांगू नका."

"तेव्हा तर तुम्ही काही बोलला नाहीत."

"तवा बी वाटतच हुतं. चुलीचं दार भट्टीत ठिवलं तवा बी वाटत हुतं."

 नांदेडची गाडी सुटायला थोडा वेळ होता. मी म्हटलं, "एकदा बघा तरी."

 अप्पा सावकाश वळले. फाटकावरची पाटी त्यांनी डोळे बारीक करून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून. रंग एका बाजूनं उन्हानं उडायला लागला होता.

"अक्षर चांगलं हाय," ते म्हणाले. "त्या रंगाऱ्याचं नाव काय?"

मला माहीत नव्हतं.

"इचारायला पायजे," असं म्हणून त्यांनी ट्रंक खांद्यावर घेतली.